मिकू नाचते, बघायला सवड कुणाला?

संगणकावर एक सोळा वर्षांची मुलगी नाचते आहे. निळसर हिरव्या केसांचे दोन पोनीटेल पार पोटऱ्यांपर्यंत लोंबतायत, गाणं बदललं की कपडे बदलतायत, मागचा देखावा बदलतोय. सेगा कंपनीच्या ‘हात्सुने मिकू: प्रोजेक्ट दिवा’ या खेळात बहुतेक गाण्यांसाठी असा नाच बसवलेला असतो. आणि ज्याच्या हातात खेळ आहे, त्याला तो जवळजवळ दिसतच नाही. गाणं संपल्यावर विचारा, मिकूनं काय घातलं होतं? उत्तर येणार नाही.

डोळे गुंतलेले असतात दुसरीकडे. तालावर बटणं दाबायच्या खेळांना आता तीस वर्षं होत आली. १९९६ साली प्लेस्टेशनवर आलेला ‘पॅराप्पा द रॅपर’ हा त्यातला पहिला गाजलेला. पुढच्या बऱ्याच खेळांत ठरलेल्या पट्ट्यांवरून खुणा खाली सरकत येतात, म्हणजे नजर एका जागी ठेवून भागतं. २००९ साली सोनीच्या पीएसपीवर आलेल्या ‘दिवा’नं पट्ट्याच काढून टाकल्या. पडद्यावर कुठंही एक करडी आकृती उमटते, तिच्यात घड्याळासारखा काटा फिरू लागतो आणि पडद्याच्या कडेकडून तसाच रंगीत आकार वळण घेत तिच्याकडे झेपावतो. दोन्ही एकावर एक बसले की बटण दाबायचं. नेमकं दाबलं तर ‘कूल’. मग ‘फाइन’, ‘सेफ’, ‘सॅड’ अशी घसरण. हुकलं तर ‘वर्स्ट’. शाळेतल्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा इतका परखड शेरा कुणी मारला नसेल.

आता जरा हिशेब. मिनिटाला १२० ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. त्याचे चार भाग केले की प्रत्येक १२५ मिलिसेकंदांचा. ‘हात्सुने मिकूचं नाहीसं होणं’ अशा अर्थाच्या नावाचं एक प्रसिद्ध गाणं मिनिटाला २४० ठोक्यांचं आहे. तिथं हाच भाग उरतो ६२.५ मिलिसेकंदांचा. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे पाहून दाबेन म्हणणारा या गाण्यात पहिल्या ओळीलाच गारद.

तरीही लोक ते खेळतात, कारण ते वाट बघत नाहीत. स्थिर ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसं ठोक्याच्या किंचित आधीच आपटतात, आणि आपण आधी आपटलं हे त्यांना कळतही नाही. शरीर पुढचा ठोका मनाशी धरून निघालेलं असतं. तबलजी सम दिसली म्हणून हात उचलत नाही. तो निघालेलाच असतो. या खेळात डोळा फक्त कोणतं बटण ते सांगतो. कधी, ते कानानं ठरवायचं.

हे मला उशिरा उमगलं. बिनतारी इअरफोन लावून मी आठवडाभर प्रत्येक बटण चुकत होतो आणि वयाला दोष देत होतो. भाचीनं माझ्या कानांकडे पाहिलं आणि न बोलता तिचे तारेचे इअरफोन पुढे केले. ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. जिथं ६२.५ला किंमत आहे, तिथं एवढी उधारी कशी चालावी? ही तफावत भरून काढायची सोय खेळाच्या सेटिंगमध्येही असते.

पण कान धरतो काय? कोणत्या क्षणी कोणतं बटण यायचं याच्या आराखड्याला जपानीत ‘फुमेन’ म्हणतात. मूळ अर्थ स्वरलिपीचा कागद. ‘दिवा’तले फुमेन बरेचदा ठेक्यापेक्षा गळ्याला चिकटून चालतात. आणि तो गळा तर कुणाचाच नाही. मिकू म्हणजे साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीनं ३१ ऑगस्ट २००७ रोजी विकायला काढलेलं गाणारं सॉफ्टवेअर. तंत्र यामाहाचं, आवाजाचे तुकडे साकी फुजिता या अभिनेत्रीचे, चित्र केई या चित्रकाराचं. लोकांनी ते घरी नेलं, गाणी रचली, ‘निकोनिको’ या व्हिडिओ संकेतस्थळावर टाकली. सेगानं त्यांतली लोकप्रिय गाणी उचलून खेळात घेतली.

खेळ अवघड होतो तो इथं. माणूस गातो तेव्हा ओळीच्या शेवटी श्वास घेतो, आणि त्या फटीत वाजवणाराही बोटं सैल सोडतो. मिकूला श्वास नाही. रचणाऱ्यानं अक्षरांमागून अक्षरं कोंबली, तरी ती सगळी म्हणून दाखवते. मग गळ्याबरोबर धावणाऱ्या अंगठ्यांना विसावा कुठून मिळणार? मी ‘नॉर्मल’ पातळीपुढे गेलेलो नाही. भाची ‘एक्स्ट्रीम’वर खेळते आणि गाण्यात मध्येच तिचाही श्वास अडकलेला दिसतो.

मग तो नाच कुणासाठी? २०१० साली जपानच्या गेम सेंटरांत या खेळाचं मोठं यंत्र आलं. त्याला चार ढब्बू बटणं आणि वर पडदा. खेळणारा घाम गाळतो आणि पाठीमागे उभे असलेले आरामात मिकू बघतात. घरच्या खेळात बटणांविना नुसतं गाणं बघण्याची सोय आहे. परवा भाचीला म्हटलं, आज काही दाबायचं नाही, फक्त नाच बघू. मिकू मधोमध नाचत होती. भाचीची नजर मात्र पडद्याच्या कोपऱ्यांतून फिरत होती, आणि मांडीवर अंगठा चालू होता.