डाव आठवतो, जेवण आठवत नाही

गैरसमज : ‘सोयीचं तेवढंच आठवतंय म्हाताऱ्याला. सगळं सोंग!’

कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत उमेदीची वर्षं घालवलेला पैलवान ऐंशीच्या घरात गेला, की हे वाक्य कधीकधी घरात ऐकू येतं. खासबाग मैदानातली जुनी कुस्ती तो डावागणिक सांगतो, पण तासाभरापूर्वी आपण जेवलोय हे त्याला पटत नाही. सुनेला वाटतं, मुद्दाम चाललंय.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा हे सोंग नसतं. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीवर खोल आत, हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग असतो. आज काय घडलं, कुठे, कोणासमोर, याची नोंद पक्की व्हायला तो लागतो. अल्झायमरचा घाव सुरुवातीला बहुधा याच भागावर आणि त्याच्या शेजारावर पडतो, म्हणून जेवणाची नोंदच टिकत नाही. पुन्हा पुन्हा सांगितलेली कुस्ती मात्र मेंदूच्या बाहेरच्या थरात कधीच रुजलेली असते, आणि ती बराच काळ तगते. तोच प्रश्न पैलवान पाचव्यांदा विचारतो, कारण त्याच्यापुरता तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. ‘आत्ताच सांगितलं की!’ म्हणून ओरडणाऱ्याचाच घसा बसतो.

गैरसमज : हिप्पोकॅम्पस गेला की सगळीच स्मरणशक्ती गेली.

वस्तुस्थिती : १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. संशोधक ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या, तरी दर भेटीला त्या अनोळखीच. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणे, हे मी कधी केलेलंच नाही!

हाताची सवय वेगळ्या खात्यात जमा होते. ते काम मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांचं. नातवानं समोर येऊन मनगट धरावं, तर नातवाचं नाव न आठवणाऱ्या आजोबांचाही पाय टांग मारायला सरकू शकतो. कोल्हापुरी चपलेची वेणी घालणाऱ्या बोटांचंही तेच.

याहून चक्रावणारी गोष्ट १९९७ मध्ये लंडनहून आली. फरानेह वर्घा-खादेम यांनी तपासलेल्या तीन मुलांच्या हिप्पोकॅम्पसला लहानपणीच इजा झाली होती. सकाळी काय झालं ते त्यांना सांगता येईना, वाटा सापडेनात. पण ती शाळेत लिहा-वाचायला शिकली, शब्द आणि माहितीही त्यांनी बऱ्यापैकी मिळवली. म्हणजे माहिती आणि आठवण यांचीही वाट पूर्ण एक नाही.

गैरसमज : मोठेपणी मेंदूत बदल होत नाही.

वस्तुस्थिती : लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. २००० साली संशोधक एलिनॉर मॅग्वायर यांना या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला, पुढचा मात्र लहान. पुढे शिकाऊ चालकांवर पाळत ठेवली, तेव्हा पास झालेल्यांचाच मागचा भाग वाढलेला आढळला. ठरलेल्या मार्गावर गाडी हाकणाऱ्या तिथल्या बसचालकांत टॅक्सीवाल्यांसारखा फरक नव्हता. आमच्या कोल्हापूरच्या केएमटी बसच्या चालकांनी राग मानू नये. शिवाजी पुतळ्याच्या चौकातली गर्दी त्या अभ्यासात धरलेली नव्हती.