टाकून दिलेले खेळणे का झपाटते?

नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो की महाशिवरात्रीला लातुरात भरणारी सिद्धेश्वराची यात्रा, घरी परतणाऱ्या मुलाच्या काखेत एखादी बाहुली किंवा लाकडी घोडा ठरलेलाच. काही महिने ते खेळणे मुलासोबत जेवते, झोपते, त्याचा रागही सोसते. पुढे शाळा येते, शिक्षणासाठी परगाव येते आणि तेच खेळणे एक हात गमावून अडगळीच्या खोलीत जाऊन पडते. मालकाने विसरलेले हे खेळणे सूडबुद्धीने परतले तर? जगभरच्या अनेक भयकथांचे बीज या एका प्रश्नात आहे.

मराठी प्रेक्षकाला अशा वेळी हमखास आठवतो तो महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला गुंड तात्या विंचू मरताना मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याचा पिच्छा पुरवतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या या बाहुल्याने एका पिढीची झोप उडवली. मात्र त्यातील द्वेष बाहुल्याचा नव्हे, त्यात शिरलेल्या माणसाचा आहे.

खेळण्याचा स्वतःचा कडवटपणा पाहायचा, तर ‘टॉय स्टोरी ३’ (२०१०) या चित्रपटातील लॉट्सो हे अस्वल पाहावे. चुकून मागे राहिलेले ते कष्टाने घरी परतते, तेव्हा मुलीच्या कुशीत तसेच दुसरे अस्वल असते. आपण बदलता येण्याजोगे होतो, हे कळताच त्याचे प्रेम विखारात बदलते. जपानमध्ये ही कल्पना फार जुनी आहे. शंभर वर्षे वापरलेल्या वस्तूंमध्ये जीव येतो आणि वर्षअखेरच्या साफसफाईत फेकल्या गेल्यावर त्या माणसांवर सूड उगवतात, अशी ‘त्सुकुमोगामी’ची मध्ययुगीन कथा तेथे प्रसिद्ध आहे.

या भीतीचे मूळ कोठे? ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात लहानग्याच्या लाडक्या वस्तूचा विचार मांडला. आई आणि बाहेरचे जग यांच्यामधला तो पहिला पूल असतो. त्यात बदल करायचा तर तो मुलानेच. ओढ आपोआप ओसरली, तर त्या वस्तूचा शोकही होत नाही. परंतु मुलाच्या नकळत मोठ्यांनी ती फेकली, तर ओढ ओसरण्याआधीच ताटातूट होते. खेळण्याला जीव मुलाच्या कल्पनेनेच दिलेला असतो. त्यामुळे त्याच्या डोळ्यांत दिसणारा रोष हीदेखील बहुधा मालकाच्याच अपराधी भावनेची सावली असते.

आपल्या परंपरेला निरोपाचे महत्त्व ठाऊक आहे. गणपतीच्या मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते. निरोपाच्या वेळी उत्तरपूजा करून, मूर्ती जागेवरून किंचित हलवून ते देवत्व सन्मानाने परत पाठवले जाते. विसर्जन होते ते त्यानंतरच. खेळण्यातही मूल रोज प्राण भरते. त्याची उत्तरपूजा मात्र कोणी करीत नाही. जपानमध्ये वाकायामा येथील आवाशिमा देवस्थानात ३ मार्चला जुन्या बाहुल्या विधिपूर्वक नावेतून समुद्रात सोडल्या जातात, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी म्हणता येईल.

दिवाळीच्या साफसफाईत मोडके खेळणे भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी मुलाला एकदा विचारायला हवे, ते यासाठीच. ते धाकट्या भावंडाला द्यायचे, शेजारच्या मुलाला द्यायचे की आणखी काही दिवस जवळ ठेवायचे, हे त्याला ठरवू द्यावे. स्वतःच्या हाताने निरोप दिलेले खेळणे मनात राहिले, तरी ते आठवण म्हणून राहते, भूत म्हणून नव्हे.