वेग देतांच बंद पडणारें नावेचें इंजिन

ओहोटी लागलेली आहे. शास्त्री नदीच्या मुखाशीं खाडीचें पाणी बाहेर धांवत आहे आणि समुद्राच्या लाटा त्याला सामोऱ्या येत आहेत. नावेच्या मागील फळीला अडकविलेलें लहान इंजिन धक्क्यापासून येथवर बिनतक्रार चालत आलें. लाटेला तोंड देण्यासाठीं तांडेल मूठ पिळून वेग वाढवितो, आणि नेमक्या त्याच क्षणीं इंजिन आचके देऊन बंद पडतें. दोरी ओढली कीं तें पुन्हां सुरू होतें, मंद गतीनें चालतें, आणि वेग मागितला कीं पुन्हां मान टाकतें. इकडे नाव आडवी होऊन लाटा अंगावर घेऊं लागते.

अशा वेळीं पहिलें काम दुरुस्तीचें नसतें. प्रथम नांगर टाकावा. तोही नाळेवरून, मागील बाजूनें नव्हे, कारण मागची कड ठेंगणी असल्यामुळें लाट सरळ आंत शिरते. नांगर तळाला पोहोंचत नसेल तर वल्ह्यांनीं नाळ लाटेकडे धरून ठेवावी. हें झाल्यावर इंजिनाकडे वळावें.

मिलवॉकी येथील ओले एव्हिनरूड यांनीं १९०९ मध्यें आपलीं इंजिनें विक्रीस आणलीं. तेव्हांपासून रचना पुष्कळ सुधारली. तथापि कार्बुरेटर असलेल्या लहान इंजिनाच्या या आजाराचें मूळ बहुधा एकच असतें, तें म्हणजे उपासमार. कार्बुरेटरमध्यें पेट्रोल येण्याच्या वाटा दोन असतात. मंद गतीसाठीं एक बारीक वाट, आणि वेगासाठीं मुख्य छिद्राची मोठी वाट. मंद गतीला थोडेंसें पेट्रोल पुरतें, म्हणून अडथळा असूनही इंजिन निरोगी भासतें. वेग वाढवितांच मागणी अनेक पटींनीं वाढते, पुरवठा तोकडा पडतो आणि अडथळा उघडकीस येतो. म्हणून पेट्रोल ज्या क्रमानें टाकींतून इंजिनांत जातें, त्याच क्रमानें शोध करावा. पुष्कळ लोक आधीं कार्बुरेटर खोलून बसतात व दोष टाकीपाशींच राहतो.

सुट्या टाकीच्या झाकणावर हवा आंत जाण्यासाठीं एक लहान स्क्रू असतो. नेआण करतांना तो बंद करतात आणि निघतांना उघडावयाचें विसरतात. मग पेट्रोल जसजसें उपसलें जातें तसतशी टाकींत पोकळी वाढते, आणि नळीवरील रबरी फुगा चेपलेला दिसतो. झाकण सैल करतांच इंजिन सुधारलें तर रोग तेथेंच सांपडला.

स्क्रू उघडा असेल तर तोच फुगा दुसरी परीक्षा करून देतो. एकानें वेग वाढवावा आणि इंजिन अडखळूं लागतांच दुसऱ्यानें फुगा दाबत राहावें. इंजिन सांवरलें, तर दोष नळी, तिचे सांधे, गाळणी किंवा पेट्रोलचा पंप यांपैकीं कोठें तरी आहे. नळी पायाखालीं दुमडलेली असते, सैल सांध्यांतून हवा शोषली जाते, किंवा पंपांतील पातळ पडदा फाटलेला असतो. फुगा दाबूनही कांहीं फरक पडला नाहीं, परंतु चोक किंचित ओढल्यावर इंजिन तग धरूं लागलें, तर मात्र कार्बुरेटरचें मुख्य छिद्र तुंबल्याचा संशय घ्यावा. तें साफ करतांना तार घालूं नये. छिद्र मोठें होऊन प्रमाण बिघडतें. योग्य द्रव व हवेचा झोत पुरे.

पेट्रोलही तपासावें. २०२५ मध्यें भारतांत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोंचलें. इथेनॉल पाणी ओढून घेतें. पाणी फार झालें कीं तें दोन्हीं मिळून तळाशीं बसतात, आणि इंजिनाची नळी तळाशींच तोंड लावून असते. थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत स्थिर ठेवावें. दोन थर दिसले तर तें पेट्रोल नावेंत वापरूं नये. एवढें करूनही दोष राहिला, तरच स्पार्क प्लग व ठिणगीकडे जावें.

एक मोह कटाक्षानें टाळावा. ‘चालतें आहे ना, मग ओढूं असेंच’ असें म्हणून अडखळणारें इंजिन दामटूं नये. पेट्रोलमध्यें तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणही त्याच वाटेनें मिळतें. पेट्रोल कमी पडलें कीं तेलही कमी पडतें, उष्णता वाढते आणि दट्ट्या सिलिंडरमध्यें घट्ट बसतो. मग दोरी कितीही ओढली तरी उपयोग नसतो.

दुरुस्तीनंतरची परीक्षा धक्क्याला बांधलेल्या नावेवर, भार देऊन घ्यावी. भाराशिवाय हा दोष लपून राहतो. आणि कोरडें इंजिन चालविलें तर थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचें रबरी चक्र थोड्याच वेळांत जळतें. परीक्षेच्या वेळीं पेट्रोलजवळ विडी अगर दिवा नसावा. त्याची वाफ हवेहून जड असून नावेच्या तळाशीं सांचते.

खाडीच्या मुखाशीं वेग हाच नावेचा आधार असतो. तो मिळतो कीं नाहीं, हें धक्का सोडण्यापूर्वीं पाहून घेण्यास पांच मिनिटें पुरतात. तीं पांच मिनिटें ज्यानें दिलीं, त्याला लाटेंत उभें राहून स्क्रू शोधण्याची पाळी सहसा येत नाहीं.