मुळांच्या पुलांची दरी

भारताच्या ईशान्य भागात मेघालय नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. पूर्वी हा मुलूख आसामात मोडत असे. २१ जानेवारी १९७२ रोजी त्याला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. मेघालय म्हणजे मेघांचे घर. हे नाव किती यथार्थ आहे, हे पाहावयाचे असल्यास तेथील खासी टेकड्यांच्या दक्षिण उतारावर जावे. बंगालच्या उपसागरावरून निघालेले पावसाळी वारे बांगलादेशाच्या सपाट प्रदेशावरून विनाअडथळा येतात आणि या टेकड्यांच्या उभ्या कड्यांवर एकाएकी आदळतात. पुढची वाट खुंटल्यामुळे ते वर चढतात, वर जाताच थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे पाणी होऊन धो धो कोसळू लागते. मुंबईला वर्षाकाठी सरासरी सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो; चेरापुंजीला तो ११,००० मिलिमीटरांहून अधिक पडतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर तेथे २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढे पाणी वाहून न जाता जागच्या जागी साचले असते, तर सात-आठ मजल्यांची इमारत त्यात बुडून गेली असती!

चेरापुंजीला खासी लोक सोहरा म्हणतात. तेथून काही अंतरावर तिरना नावाचे गाव आहे. मोटारीचा रस्ता येथे संपतो आणि दरीत उतरणारी पायऱ्यांची वाट सुरू होते. पायऱ्या थोड्याथोडक्या नव्हेत, तीन हजारांहून अधिक आहेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते, झाडाझुडपांतून जळवा अंगावर चढतात आणि पाऊल जपून टाकावे लागते. दोन्ही बाजूंना दाट अरण्य असते. मधूनमधून सुपारीची उंच झाडे, फणस, तमालपत्राची झाडे आणि त्यांवर चढलेले मिरीचे वेल दृष्टीस पडतात. दरीतील खासी लोकांची उपजीविका बहुतांशी याच बागांवर चालते. बाजारात नेण्याचा माल ते शंकूच्या आकाराच्या वेताच्या करंडीत भरतात, तिचा पट्टा कपाळावर घेतात आणि तो भार पाठीवर वाहत सगळ्या पायऱ्या चढून जातात. पावसात काम करताना ते बांबू आणि पाने यांचे एक आच्छादन डोक्यापासून पाठीवर घेतात. कोकणातील शेतकऱ्याने ते पाहिले, तर आपले इरलेच येथे कोणी आणले, असे त्याला वाटेल.

या दरीत नद्या आणि ओढे पुष्कळ आहेत. हिवाळ्यात शांत दिसणारा ओढा पावसाळ्यात घटकाभरात उग्र रूप धारण करतो. अशा वेळी पूल नसेल, तर गावाचा गावाशी संबंध तुटतो. माल बाजारात जाऊ शकत नाही आणि आजाऱ्याला वैद्याकडे नेता येत नाही. बांबूचा पूल बांधावा, तर तो या ओलाव्यात थोड्याच वर्षांत कुजतो. या अडचणीतून खासी आणि जैंतिया लोकांनी एक अपूर्व मार्ग शोधून काढला. त्यांनी पूल बांधण्याऐवजी तो वाढविला!

या अरण्यात रबराचा वड नावाचे झाड आढळते. चिकाचे रबर देणारी मळ्यांतील झाडे वेगळी. हा वृक्ष आपल्या वडाचा भाऊबंद आहे आणि त्याला वडाप्रमाणेच हवेत लोंबणारी मुळे फुटतात. खासी लोक हा वृक्ष ओढ्याच्या काठावर लावतात. त्याची कोवळी मुळे ते बांबूच्या आधाराने किंवा सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडांतून पलीकडच्या काठाकडे वळवितात. मुळे तेथे पोहोचली, की ती जमिनीत रुजतात. मग नवी मुळे जुन्यांत गुंफावयाची आणि मधल्या फटींत दगड-माती भरावयाची, असे काम वर्षानुवर्षे चालते. एकमेकांना चिकटलेली मुळे कालांतराने एकजीव होतात. पूल माणसांचा भार पेलू लागेपर्यंत पंधरा ते तीस वर्षे लागतात. म्हणजे झाड लावणारा तरुण पुलावरून निर्धास्तपणे चालू लागेपर्यंत प्रौढ झालेला असतो. परंतु इतर पूल काळाबरोबर जीर्ण होतात, तर हा पूल झाड जिवंत असेपर्यंत अधिकाधिक बळकट होत जातो. ब्रिटिश अभियंता हेन्री यूल याने १८४४ सालीच या पुलांविषयी लिहून ठेवले होते.

नोंगरियात या गावी असा एक पूल दुमजली आहे. एकदा महापुरात खालचा पूल पाण्याखाली गेला, म्हणून गावकऱ्यांनी वर दुसरा वाढविला, असे सांगतात.

नोंगरियातच्या पुढे वाट अधिकच अवघड होते. पोलादी तारांचे झुलते पूल ओलांडीत आणि मोठमोठ्या शिळांवरून चढउतार करीत गेल्यावर पाण्याचा गंभीर घोष कानी येऊ लागतो. कड्यावरून एक धबधबा खाली झेपावत असतो. त्याच्या तुषारांवर सूर्यकिरण पडले, की इंद्रधनुष्य उमटते. म्हणून त्याला इंद्रधनुष्याचा धबधबा असे नाव पडले आहे. खाली निळ्याहिरव्या पाण्याचे डोह आहेत. हे डोह कोणी खणलेले नाहीत. उंचावरून पडणारे पाणी खालचा खडक झिजविते; त्यात सापडलेले गोटे भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि खडक कोरून काढतात. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगेही गोट्यांच्या अशाच घर्षणाने घडले आहेत. मात्र या डोहांच्या सौंदर्याला भुलून चालत नाही. वर डोंगरात पाऊस झाला, तर खाली ऊन असतानाही पाणी एकाएकी वाढते. म्हणून माहीतगार गावकऱ्यास सोबत घ्यावे आणि त्याने नको म्हटले, तर पाण्यात उतरू नये.

एवढ्या पावसाच्या चेरापुंजीला हिवाळ्यात पाण्याची टंचाई भासते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पठारावरील जंगल विरळ झाले, मातीचा पातळ थर वाहून गेला आणि आता पडलेले पाणी तेथे न थांबता थेट दऱ्यांत निघून जाते. दरीतील अरण्याचे मोल यावरून कळते. झाडांची मुळे तेथे पुलालाच नव्हे, तर मातीला आणि पाण्यालाही धरून ठेवतात.

हे पूल पाहण्यासाठी आता दूरदूरचे प्रवासी येतात. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. प्रवाशांमुळे गावाला चार पैसे मिळतात. पण गर्दी झाली, की मुळांना इजा पोहोचते आणि कचरा साठतो. शिवाय पोलादी तारांचा पूल थोड्या दिवसांत उभा राहत असताना तीस वर्षे वाट कोण पाहणार, असा प्रश्नही आहे. तरीही गावकरी जुन्या पुलांची निगा राखतात आणि काही ठिकाणी नवी मुळे काठाकाठाने वळवीत आहेत. त्या पुलांवरून पुढे चालणारी मुले आज कदाचित जन्मलेलीही नसतील.