परिसा, परिषद आणि पाणी

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहास २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने ठिकठिकाणी परिषदा, मेळावे आणि चर्चासत्रे योजण्याचा विचार व्हावा, हे स्वाभाविकच आहे. दुसरीकडे पाणी, जंगल, कचरा, हवामानबदल या प्रश्नांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या परिषदांची निमंत्रणेही आपल्या विहारांपर्यंत पोहोचू लागली आहेत. अशा वेळी उपासक-उपासिका आम्हांस दोन प्रश्न विचारतात. पहिला : पर्यावरणाच्या परिषदेत आपले काय काम? दुसरा : इतक्या परिषदा झाल्या, इतके ठराव झाले, त्यांतून निष्पन्न काय झाले? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर पालि वाङ्मयाच्या आणि आपल्या चळवळीच्या इतिहासाच्या आधारे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

वारंवार जमणे

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्ताचा आरंभ एका राजकीय प्रसंगाने होतो. मगधाचा राजा अजातसत्तु वज्जींवर चढाई करू इच्छितो. त्याचा अमात्य वस्सकार राजगृहाजवळील गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे येतो. तथागत त्यास थेट उत्तर देत नाहीत. मागे उभे राहून पंख्याने वारा घालणाऱ्या आनंदास ते वज्जींविषयी सात प्रश्न विचारतात. हेच ते सात अपरिहानीय धम्म, म्हणजे ज्यांच्या पालनाने गणाचा ऱ्हास होत नाही असे नियम. त्यांतील पहिला नियम वारंवार जमण्याचा आहे आणि दुसरा एकोप्याने जमण्याचा, एकोप्याने उठण्याचा व एकोप्याने कर्तव्य पार पाडण्याचा आहे. वस्सकार निघून गेल्यावर तथागत भिक्षुसंघास एकत्र बोलावतात आणि संघासाठीही याच दोन नियमांनी आरंभ करतात.

येथे पालि शब्द ‘अभिण्ह’ असा आहे. त्याचा अर्थ नित्य, पुन:पुन्हा. वर्षातून एकदा मोठ्या संख्येने जमणे एवढाच अर्थ या शब्दात सामावत नाही. वाचकांनी दुसऱ्या नियमातील तीन क्रियाही ध्यानात घ्याव्यात : जमणे, उठणे आणि करणे. आपल्या बहुतेक परिषदांची सारी शक्ती पहिल्या क्रियेत खर्ची पडते. मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची ने-आण यांत आयोजक थकून जातात. उठताना काय ठरले आणि ते कोणी करावयाचे, या प्रश्नाशी पोहोचेपर्यंत सभागृह रिकामे झालेले असते.

परिसेचे प्रकार

पालि भाषेत सभेस ‘परिसा’ म्हणतात. अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातात परिसावग्ग नावाचा एक छोटा वर्ग आहे. त्यात परिसांच्या दहा जोड्या वर्णिल्या आहेत. परिषदा भरविणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा, असे आम्हांस वाटते.

त्यांतील एक जोडी ‘ओक्काचितविनीता’ आणि ‘पटिपुच्छाविनीता’ अशी आहे. पहिल्या परिसेत गंभीर विषय निघाला की कोणी कान देत नाही. रंगतदार, अलंकृत भाषण सुरू झाले की सारे सरसावून बसतात. ऐकून झाल्यावर याचा अर्थ काय, हे असे का, असे कोणी कोणास विचारत नाही. दुसऱ्या परिसेत याच्या उलट घडते. तेथे परस्परांस प्रश्न विचारून झाकलेले उघड केले जाते आणि शंकेचे निरसन होते. ‘पटिपुच्छा’ म्हणजे उलट प्रश्न विचारणे. तथागत दोन्हींत हीच परिसा श्रेष्ठ ठरवितात.

दुसरी जोडी ‘आमिसगरु’ आणि ‘सद्धम्मगरु’ अशी आहे. पहिल्या परिसेतील भिक्षू गृहस्थांच्या देखत एकमेकांचे गुण गातात आणि त्या बळावर लाभ मिळवितात. आपल्याकडील सत्कारांची लांबलचक यादी व त्यानंतर उरलेल्या दहा मिनिटांत वाचले जाणारे ठराव आठवले, तर या वर्णनाचे जुनेपण जाणवत नाही.

संघाची कार्यपद्धती

परिसा केवळ सद्भावनेने पटिपुच्छाविनीता होत नाही. त्यासाठी पद्धत लागते. ती विनयपिटकात आहे. संघापुढे कोणतेही कर्म आणावयाचे तर प्रथम ‘ञत्ति’ म्हणजे सूचना मांडावी लागते. नंतर कम्मवाचा म्हणून संमती विचारली जाते. महत्त्वाच्या कर्मात ती तीनदा विचारली जाते. कर्मानुसार चार, पाच, दहा किंवा वीस अशी गणपूर्ती ठरलेली आहे. वाद मिटला नाही तर शलाका वाटून मत घेतले जाते. शलाका वाटणारा आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा लागतो. तरीही डोकी मोजली की निर्णय झाला, असे विनय मानत नाही. अधर्म्य शलाकाग्रहणाचे दहा प्रकार चुल्लवग्गात स्वतंत्रपणे सांगितले आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात नेमक्या याच पद्धतीचा उल्लेख केला होता. बैठकीची व्यवस्था, सूचना, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतगणना, शलाकेद्वारे मतदान हे सारे भिक्षुसंघास ज्ञात होते, हे सांगून भारतास लोकशाही नवी नाही, असे त्यांनी दाखवून दिले. ती एकदा गमावली होती, पुन्हा गमावली जाईल काय, ही त्यांची चिंता त्याच भाषणात आहे.

विनयातील आणखी एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. उपोसथाच्या दिवशी आजारी भिक्षू येऊ शकत नसेल तर त्याने आपली परिशुद्धी दुसऱ्या भिक्षूमार्फत संघास कळवावी. संघाचे अन्य कर्म असेल तर त्याच रीतीने आपला छंद, म्हणजे संमती, पाठवावी. तेही शक्य नसेल तर त्यास मंचासह उचलून संघात आणावे. उचलल्याने आजार बळावेल असे वाटल्यास संघानेच त्याच्याकडे जावे. अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये. जो येऊ शकत नाही त्याच्यावाचून निर्णय नको, त्याच्याकडे सभेनेच चालत जावे, ही शिकवण इतक्या व्यवहारी भाषेत अन्यत्र क्वचितच सापडेल.

पाण्याचा वाद आणि एकटे मत

पर्यावरणाच्या परिषदेत आपले काय काम, या प्रश्नाचे पहिले उत्तर बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा अट्ठकथांतून येतो. बाबासाहेबांनी तो सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण म्हणून मांडला. शाक्यसंघाच्या सभेत सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि पर्याय सुचवितो : दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. ही सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली जाते. सिद्धार्थ बहुमतापुढे आपले मत गिळत नाही. तो शिक्षा पत्करतो आणि कपिलवस्तू सोडतो.

पाण्याच्या वाटपाचा प्रश्न, तो सोडविण्यासाठी भरलेली सभा आणि त्या सभेतील एकटे पण विचारपूर्वक दिलेले मत, या पायावर बाबासाहेबांनी बुद्धचरित्राची मांडणी केली. पाणी हा आपल्यासाठी बाहेरून आलेला विषय नाही.

दुसरे उत्तर अर्थात महाड आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी घेतले नाही. ठराव कागदावरच होता. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेपुरते पाणीही स्वागत समितीस चाळीस रुपयांस विकत घ्यावे लागले. परिषदेने शिक्षण, वसतिगृहे, मृत मांस अशा प्रश्नांवर ठराव केले आणि बोले ठरावाची अंमलबजावणी मागितली. मग २० मार्च रोजी परिषद उठली ती थेट तळ्याकडे चालत गेली. ‘जमणे, उठणे आणि करणे’ या तीन क्रिया येथे एकाच कृतीत आल्या.

पुढचा भाग मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतो. पाणी पिऊन परतलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली, २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम आलेला असल्याने सत्याग्रह स्थगित करावा लागला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. तळ्यावर एक दिवस गेला. तो हक्क टिकविण्यास दहा वर्षे लागली. मिळालेला ठराव परत घेतला जाऊ शकतो, आणि तो पुन्हा मिळविण्यासाठी पुन:पुन्हा जमावे लागते, हा महाडचा धडा आहे.

अमेरिकेतील एक परिषद

हाच धडा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीतही दिसतो. १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातील वॉरेन परगण्यात, कृष्णवर्णीयांची वस्ती अधिक असलेल्या भागात, विषारी रसायनमिश्रित माती पुरण्याचे ठरले. लोकांनी रस्त्यावर आडवे होऊन विरोध केला आणि शेकडो जणांना अटक झाली. १९८७ साली एका चर्चप्रणीत आयोगाने अहवालाद्वारे दाखवून दिले की, घातक कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा निकटचा संबंध आहे. मात्र मोठ्या पर्यावरण संघटनांच्या व्यवस्थापनात या वस्त्यांतील माणसे जवळपास नव्हती. म्हणून त्याच आयोगाच्या पुढाकाराने २४ ते २७ ऑक्टोबर १९९१ या काळात वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय, आदिवासी, लॅटिन व आशियाई वंशाच्या कार्यकर्त्यांची पर्यावरण परिषद भरली. तिने पर्यावरणीय न्यायाची सतरा तत्त्वे संमत केली. गरज ठरविण्यापासून मूल्यमापनापर्यंत प्रत्येक निर्णयात समान भागीदारी, हे त्यांतील एक तत्त्व आहे. डिसेंबर १९९६ मध्ये न्यू मेक्सिकोतील हेमेझ येथे भरलेल्या बैठकीत कार्यकर्त्यांनी आपापसांत कसे वागावे याची सहा तत्त्वे ठरली. लोकांनी स्वत:च स्वत:साठी बोलावे, हे त्यांतील एक. स्वत:मध्ये परिवर्तन घडविण्याची बांधिलकी, हे शेवटचे.

वॉशिंग्टन परिषदेनंतर अडीच वर्षांच्या आत, ११ फेब्रुवारी १९९४ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाविषयी आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द करण्यात आला. महाडमधील ठराव साडेतीन वर्षांनी मागे घेतला गेला, अमेरिकेतील आदेश जवळपास एकतीस वर्षांनी. जी चळवळ अशा आदेशावर विसंबून जमणे थांबविते, तिच्या हाती काहीच उरत नाही.

परिषदेचे स्वरूपही नीट ओळखून जावे लागते. १६ ते २१ जानेवारी २००४ या काळात मुंबईत गोरेगाव येथे जागतिक सामाजिक मंच भरला. जातिभेद व वंशभेद हा त्याच्या मुख्य विषयांपैकी एक होता आणि दलित संघटनांनी त्यात मोठा सहभाग घेतला. परंतु हा मंच स्वत:च्या नावाने ठराव करीत नाही; ते त्याच्या सनदेतच आहे. तेथे ओळखी होतात, अनुभवांची देवाणघेवाण होते, निर्णय मात्र आपापल्या संघटनेत परतून घ्यावा लागतो. तेथून ठराव घेऊन येण्याची अपेक्षा धरली तर निराशाच पदरी पडेल.

येत्या परिषदांसाठी

वर्षावासाच्या शेवटी भिक्षू ‘पवारणा’ करतात. थेरापासून आरंभ करून प्रत्येक जण संघास विनंती करतो की, माझ्या हातून काही चुकीचे घडल्याचे आपण पाहिले, ऐकले असेल वा तशी शंका असेल तर सांगावे. आमची सूचना अशी की, येती प्रत्येक परिषद पवारणेने सुरू व्हावी. मागील परिषदेचे ठराव प्रथम वाचावेत. कोणता पार पडला, कोणता राहिला, कोणाकडून राहिला, हे सांगावे. सत्कार हवेच असतील तर ते त्यानंतर व्हावेत.

दुसरे, नव्या प्रत्येक ठरावाबरोबर तो पार पाडणाऱ्याचे नाव आणि पुढच्या बैठकीची तारीख लिहावी. तिसरे, भाषणाइतकाच वेळ पटिपुच्छेस द्यावा. चौथे, जी माणसे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे परिषदेने जावे. ज्या वस्तीत टँकर येतो, जिच्या शेजारी शहराचा कचरा टाकला जातो, जेथील माणसे गटारात उतरतात, तेथे एक बैठक भरविणे शहरातील सभागृहाच्या भाड्यापेक्षा स्वस्त आहे आणि विनयास अधिक धरून आहे. आणि शेवटचे, आपले मत अल्पमतात असले तरी ते सिद्धार्थाप्रमाणे पर्यायासह मांडावे आणि कार्यवृत्तात नोंदवून घ्यावे.

वज्जींचे पुढे काय झाले, हे दीघनिकायाची अट्ठकथा सांगते. वस्सकार त्यांच्यात राहून एकाचे मन दुसऱ्याविषयी कलुषित करीत गेला. तीन वर्षांनी त्याने खात्री करून घेण्यासाठी सभेची भेरी वाजवविली. कोणीही आले नाही. जे श्रीमंत आहेत, जे शूर आहेत त्यांनी जावे, असे प्रत्येक जण म्हणाला आणि घरी बसून राहिला. त्यानंतर अजातसत्तूस फार लढावे लागले नाही. येत्या परिषदेचे निमंत्रण हाती पडेल तेव्हा ‘नेत्यांनी जावे, विद्वानांनी जावे’ असे आपल्या मनात येते काय, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.