पवनीचा तट फक्त लढाईसाठी होता का?

भंडारा जिल्ह्यातील पवनीला एका बाजूने वैनगंगा, तर इतर बाजूंनी प्राचीन मातीचा तट आणि खंदक. शत्रूला रोखणे हे अशा तटाचे एक काम. दुसरे काम रोजचे : वेशीतून कोण आत येतो, कोणता माल बाहेर जातो, यावर नजर ठेवणे.

रोमन सम्राट हेड्रियनने इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेल्या सुमारे ११७ किलोमीटरच्या भिंतीलाही ठरावीक अंतरावर दरवाजे होते. त्या सीमेवरच्या सैनिकांची मोजे, बिअर यांविषयीची पत्रेही सापडली आहेत.

पवनीत १९६९-७० च्या उत्खननात स्तूपांचे अवशेष आणि ब्राह्मी लेख मिळाले. पहारेकऱ्यांची पत्रे नाहीत. त्यांच्या काळाची साक्ष तटाच्या मातीतच आहे. ती माती उकरली, की साक्षही गेली.