उन्हाळी आणि लघवीतील पांढऱ्या पेशी

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यातल्या ताडकळस परिसरात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून धने-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा घेण्याची रीत आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना, पुरेसे पाणी न पिता दिवसभर रानात राबणाऱ्यांच्या बाबतीत ही समजूत अनेकदा खरीही ठरते, कारण पाण्याअभावी दाट झालेली लघवी मूत्रमार्गाला झोंबते. परंतु जंतुसंसर्गातही नेमकी अशीच जळजळ होते, आणि ती उन्हाची की जंतूंची हे ठरवण्यास पहिला मोठा आधार मिळतो तो लघवीतील पांढऱ्या पेशींचा.

जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटले की रक्तातील या संरक्षक पेशी केशवाहिन्यांतून बाहेर पडून तेथे जमतात आणि लघवीबरोबर वाहून येतात. अहवालात त्यांची नोंद ‘पस सेल्स’ म्हणजे पू-पेशी या नावाने असते. त्या मोजण्यासाठी साधारण १० मिलिलिटर लघवी नळीत घालून सेंट्रिफ्यूज यंत्रात सुमारे ५ मिनिटे गरगर फिरवतात, वरचे पाणी ओतून टाकतात आणि तळच्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहतात. तांबड्या पेशींहून मोठ्या, कणीदार, पोटात पाकळ्यांसारखे केंद्रक असलेल्या या पेशी सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रात साधारणतः ५ पर्यंत दिसल्या तर चिंता नसते.

खरी अडचण वेळेची आहे. सकाळी घरून भरलेली बाटली मोटारसायकलच्या डिकीत ठेवून उन्हातून तालुक्याला किंवा परभणीला नेली, तर वाटेतच पेशी फुटू लागतात. म्हणून नमुना २ तासांच्या आत तपासावा किंवा थंड ठेवावा, असा नियम आहे. लघवीत बुडवून पाहायची रंगपट्टी येथे उपयोगी पडते, कारण ती पेशी न शोधता पेशींतील एस्टरेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, शोधते, आणि पेशी फुटल्यावरही ते लघवीत उरते. पट्टीवरचा चौकोन सुमारे २ मिनिटांत जांभळा झाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र काहीच दिसले नाही, तर पट्टीला खोटे ठरवण्याआधी नमुना किती वाजता घेतला हे विचारले पाहिजे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेणाऱ्यांत मात्र पट्टीही फसू शकते.

स्त्रियांच्या नमुन्यात अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या स्रावातील पेशी मिसळून आकडा फुगतो. त्यासाठी जागा स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार घ्यावी, हे सांगण्यास संकोच करणे रुग्णाच्या हिताचे नाही. गर्भवतीच्या बाबतीत तर पेशींच्या आकड्यावर विसंबून भागत नाही. काहीही त्रास नसताना तिच्या लघवीत जंतू असू शकतात, आणि उपचार न झाल्यास ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात.

जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे कल्चर तपासणीत म्हणजे जंतू वाढवून पाहिल्यावर साधारण २ ते ३ दिवसांत कळते. पेशी भरपूर, पण कल्चरमध्ये जंतू नाहीत, असेही आढळते; त्यामागे मुतखडा असू शकतो, नेहमीच्या कल्चरमध्ये न वाढणारा क्षयाचा जंतू असू शकतो, किंवा आदल्या दिवशी दुकानातून आणून घेतलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या असू शकतात, म्हणून कल्चरची बाटली पहिल्या गोळीच्या आधी भरायची असते.